सोबत आलेली बाई

(नाशिक येथे महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मनाच्या आजारांसाठी आणि व्यसनांसाठी तातडीचं केंद्र कसं चालवायचं, या विषयावर मी बोलावं असं संयोजक मैत्रिणींनी सुचवलं. एम.एस.डब्ल्यू. करून मी या कामात आले तेव्हा मला वाटायचं, हा प्रश्न जागेचा, डॉक्टरांचा, औषधांचा आणि पैशांचा आहे. ते सगळं लागतंच. पण आज मी मुख्यतः एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती माझ्या हातून झाली, आमच्या केंद्रातल्या सगळ्यांच्या हातून झाली, आणि मला वाटतं आपल्यापैकी अनेकींच्या हातून ती रोज होत असते. बोलताना ज्या बायांचा उल्लेख येईल त्यांची नावं मी घेणार नाही आणि ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत.

आधी केंद्राबद्दल थोडं सांगते. बसस्टँडपासून चालत येता येईल अशा ठिकाणी, तळमजल्यावर चार खोल्या. दोन खाटा, एक औषधांचं कपाट, बाहेर बाकं. एक डॉक्टर दिवसभर असतात, मानसोपचारतज्ज्ञ दुपारनंतर येतात आणि एरवी फोनवर मिळतात. एक सिस्टर, आम्ही दोघी समाजकार्यकर्त्या आणि दारावरचे मामा. इथे वेळ ठरवून यावं लागत नाही. चिठ्ठी लागत नाही, ओळख लागत नाही. ज्याला जेव्हा यावंसं वाटेल तेव्हा त्याने यावं.

असं केंद्र का लागतं? तारीख दिली की माणूस येत नाही, म्हणून. दारू सोडायची इच्छा सकाळी दहाला होते आणि संध्याकाळी सहाला जाते. जीव द्यायचा विचार अपॉइंटमेंट घेऊन येत नाही. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेली व्यसनांची देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असं दिसलं, की दारूवर पुरत्या अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते, आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० जणांमागे एकाला. बाकीचे कुठे होते? घरी होते. आणि घरी त्यांना कोण सांभाळत होतं, हे या सभागृहात सांगायची गरज नाही.

दार उघडं ठेवलं की रांग लागते, आणि आधी कोणाला घ्यायचं हे ठरवावं लागतं. आम्ही तीन ढीग केले. पहिला, आत्ताच बघायचे: झटके आलेला, भ्रमात असलेला, विष किंवा गोळ्या घेतलेला, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलेला. दुसरा, आजच बघायचे. तिसरा, या आठवड्यात आले तरी चालतील असे. विष घेतलेल्याला तर आम्ही ठेवूनच घेत नाही, थेट सिव्हिलला पाठवतो. हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. पुस्तकात नसलेलं आम्हाला दारावरच्या मामांनी शिकवलं. ते म्हणाले, “मॅडम, सुरगाण्याची बाई नंबरात ठेवू नका, तिची गाडी जाईल.” पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातली बाई पहाटे निघून येते. शेवटची एस.टी. चुकली तर रात्री स्टँडवर बसावं लागेल या भीतीने नंबर यायच्या आत उठून जाते. तेव्हापासून केसपेपरवर पहिला प्रश्न ‘परतीची गाडी किती वाजता?’ असा छापून घेतला.

आता त्या चुकीबद्दल.

आषाढातली गोष्ट आहे. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत सालाने राहणारं जोडपं. तो ट्रॅक्टर चालवायचा, ती बागेत मजुरीला. राहायला बागेतलीच खोली. तो पंधरा वर्षं रोज प्यायचा. एकादशीला त्याने माळ घातली. गावात कौतुक झालं. आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेली कितीतरी माणसं आहेत आणि त्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली तर शरीर बंड करतं. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस भ्रमात जाऊ शकतो, त्याला नसलेलं दिसायला लागतं. वेळेत औषध मिळालं नाही तर यात मृत्यूही येतो. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं झालं’, ‘माळेचा कोप झाला’. याच्या बाबतीत तेच झालं. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसायला लागले. चौथ्या दिवशी सकाळी तिने आणि दिराने त्याला जीपमध्ये बांधून आणलं.

आम्ही त्या दिवशी फार चांगलं काम केलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. मामांनी दोन मिनिटांत आत घेतलं. सिस्टरांनी दोर सोडले, बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. ते ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी द्यायचं असतं. खेड्यात नुसतंच सलाइन लावतात, म्हणून हे तुम्हीही लक्षात ठेवा. डॉक्टरांनी शांत करणारं औषध दिलं, रुग्णवाहिका बोलावली, सिव्हिलला फोन करून ठेवला. तो वाचला. संध्याकाळी आम्ही चहा मागवला. मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

या सगळ्या वेळात ती काय करत होती? त्याचे पाय धरून बसली होती. मी विचारत होते आणि ती उत्तरं देत होती. कधीपासून पितो? किती पितो? देशी का गावठी? झोपतो का? जेवतो का? आधी फिट आली होती का? तिला सगळं ठाऊक होतं. कोणत्या दिवशी किती प्याला हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? सही करायची वेळ आली तेव्हा तिने अंगठा दिला. निघताना मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “ताई, आता त्यांना जपा.”

नऊ दिवसांनी ती सिव्हिलला दाखल झाली. तिने बागेवर फवारायचं औषध घेतलं होतं. ते तिच्याच खोलीत ठेवलेलं असायचं.

तीही वाचली. अकरा दिवसांनी तिला घरी सोडलं. मी भेटायला गेले तेव्हा ती माझ्यावर रागावलेली नव्हती. ती साधं म्हणाली, “ताई, मी त्याच दिवशी तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही त्याचंच विचारत होता.”

केंद्रात परत येऊन मी त्याचा केसपेपर काढला. आमच्या केसपेपरवर एक रकाना होता, ‘सोबत आलेले नातेवाईक’. त्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘पत्नी’. नावसुद्धा नाही. बाईच्या प्रश्नांवर शिबिरं घेणारी मी, आणि माझ्याच हाताने मी तिला ‘पत्नी’ एवढंच लिहून ठेवलं होतं.

मैत्रिणींनो, त्या दिवशी तिच्या हातावर जुने वळ होते. ते मी पाहिले होते. मनात नोंदही केली होती. पण समोरचा माणूस मरतोय, हे आधी, ते नंतर, असं मी ठरवलं. आणि ‘नंतर’ आलंच नाही. जे पहिल्या ढिगात असतं त्याच्या आवाजात शेजारी बसलेलं माणूस ऐकू येत नाही. तातडीच्या कामाचा हा स्वभावच आहे. म्हणून ते माणूस ऐकू येईल अशी व्यवस्था करावी लागते. ती कोणाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही. माझ्यात चांगुलपणा काही कमी नव्हता.

आम्ही काय केलं? रकाना काढून टाकला. आता जो कोणी कोणाला घेऊन येतो, बायको, आई, बहीण, मुलगी, क्वचित भाऊ किंवा बाप, त्याच्या नावाने वेगळा केसपेपर निघतो. पेशंट खाटेवर गेला, की त्या व्यक्तीला दुसऱ्या खोलीत न्यायचं, दार लावायचं आणि दहा मिनिटं तिच्याबद्दलच बोलायचं. पाच प्रश्न ठरलेले आहेत. झोप कशी आहे? जेवता का? घरात कोणी हात उगारतं का? जगणं नको असं कधी वाटतं का? आज रात्री घरी जायची भीती वाटते का? खेड्यातली बाई असेल तर आणखी एक प्रश्न: फवारणीचं औषध कुठे ठेवता, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते?

चौथा प्रश्न विचारायला आमच्याही जिभा अडखळायच्या. विचारलं तर तिच्या डोक्यात नवा विचार घातल्यासारखं होईल, असं वाटायचं. तसं होत नाही. सरळ शब्दांत, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बाईला सुटल्यासारखं होतं. आणि सहावा प्रश्न किरकोळ नाही. श्रीलंकेत अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९० नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. दुःख नाहीसं झालं नव्हतं, हाताशी विष नव्हतं. तो क्षण टळला की बरीचशी माणसं जगतात. आपल्या हातात बंदी नाही, पण बागायतदाराला सांगून औषधाची पेटी मजुराच्या खोलीतून बाहेर काढणं आपल्या हातात आहे.

दहा मिनिटांना विरोध झाला. आमचे एक डॉक्टर म्हणाले, बाहेर रांग आहे, आपण तातडीचं केंद्र आहोत, कुटुंब सल्ला केंद्र नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमच्याकडे माणसं कमी आहेत. पण लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार, २०१६ साली जगात आत्महत्या केलेल्या दर शंभर बायांपैकी सुमारे ३७ भारतातल्या होत्या. त्यात विवाहितांचा वाटा सर्वांत मोठा. या बाया आत्महत्येच्या आधी कुठल्याच दवाखान्यात गेल्या नसतील असं कसं म्हणता येईल? त्या गेल्या असतील. कोणाला तरी सोबत घेऊन गेल्या असतील.

ही कल्पना आमची नाही, हेही सांगायला हवं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महापालिका यांनी मिळून २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी दवाखान्यात जाते, तेव्हा तिला तिथेच विचारलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. दारुड्याच्या बायकोलाही मदतीची गरज असते, हे त्या कामात ओळखलं गेलं आणि ‘सहचरी’ गट सुरू झाला. आम्ही फक्त ते तातडीच्या दारापर्यंत आणलं.

आता तीन गोष्टी, ज्यांच्याशी तुमचा कार्यकर्त्या म्हणून संबंध येतो.

पहिली, दारूबंदीची. गावात बाटली आडवी करण्यासाठी बायांनी केलेल्या मतदानांत आपल्यापैकी अनेकजणी उतरल्या आहेत. ते आपल्या चळवळीचं मोठं काम आहे. पण दुकान बंद होतं त्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी काय होतं, याचा विचार आपण फार कमी केला. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, दुकानं एका रात्रीत बंद झाली. केरळात त्या पहिल्या आठवड्यात दारू न मिळाल्याने झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. आमच्या फोनवरही तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बायकांचेच आवाज होते: “हे बडबडायला लागलेत, मारायला धावतात, काय करू?” दुकान बंद करा, जरूर करा. पण त्याआधी गावातल्या आशाताईंकडून रोज पिणाऱ्यांची यादी करा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोला, गाडीची सोय ठेवा. नाही तर आपल्या विजयाची किंमत त्याच घरातली बाई मोजते.

दुसरी, पुडीची. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या असतात. एक बाई अशी पुडी चार महिने नवऱ्याच्या भाजीत घालत होती. पुडीत काय होतं हे तिला माहीत नव्हतं. अशा काही पुड्यांत डायसल्फिरम नावाचं औषध असतं. ते चांगलं औषध आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल आणि डॉक्टरांचं लक्ष असेल तरच. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. तिचा नवरा तसाच कोसळला आणि आमच्या दारात आला. सासू बाहेर ओरडत होती, “हिने विष घातलं.” आत ती थरथरत उभी होती. तिला दोष देणं सोपं आहे. पण विचार करा, त्याने दारू सोडावी ही जबाबदारी कोणाची ठरली होती? सासर म्हणत होतं, चांगली बायको असती तर सुटली असती. माहेर म्हणत होतं, सांभाळून घे. तिने सांभाळून घ्यायचा एक मार्ग शोधला. अशा बाईला मी रागावत नाही. मी तिला सांगते, त्याचं पिणं तुमच्यामुळे सुरू झालं नाही आणि थांबवणंही एकट्या तुमच्या हातात नाही. कितीतरी बाया हे वाक्य ऐकून रडतात.

तिसरी, कागदांची. एक गृहस्थ चांगले कपडे घालून आले. सहा महिन्यांपूर्वी त्यांची पत्नी आमच्याकडे येऊन गेली होती. त्यांना तिचे कागद हवे होते. ‘पुढच्या उपचारासाठी’ म्हणाले. त्यांचा वकील बाहेर गाडीत बसला होता. घटस्फोटाच्या अर्जात बायको वेडी आहे असं लिहायचं होतं. आम्ही कागद दिले नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. त्याला कायद्याने घातलेले अपवाद आहेत, पण घटस्फोट हवा असलेला नवरा त्यांत बसत नाही. कलम ३ सांगतं, की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो कायद्याच्या अर्थाने वेडा ठरत नाही. ते न्यायालयानेच ठरवावं लागतं. आणि न्यायालयात असा पुरावा आला व दुसऱ्या बाजूने तो नाकारला, तर ते प्रकरण मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे मतासाठी पाठवावं लागतं. त्या दिवसापासून आम्ही लिहिताना दोन गोष्टी पाळतो. ‘भांडखोर’, ‘नाटकी’, ‘संशयी’ असे शब्द केसपेपरवर लिहायचे नाहीत. बाई काय म्हणाली ते तिच्या शब्दांत लिहायचं. आणि अंगावरच्या खुणा, कुठे, किती, कोणत्या रंगाच्या, हे नीट लिहायचं. तोच कागद पुढे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिच्या कामी येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. बाईचा प्रत्येक आजार नवऱ्याने दिलेला असतो असं मी म्हणत नाही. आपल्या चळवळीत कधी कधी असं होतं, की उदासीला ‘अन्याय’ म्हटलं की आपल्याला बरं वाटतं आणि गोळ्या म्हटलं की संशय येतो. मला उलटंही भेटतं: मार खाऊन आलेल्या बाईला झोपेची गोळी देऊन घरी पाठवणारे दवाखाने. दोन्ही चूक आहे. जिला आजार आहे तिला औषध मिळालं पाहिजे, आणि जिला मार बसतो तिचा मार थांबला पाहिजे. पुष्कळ जणींना दोन्ही लागतं.

आता शेवटचा मुद्दा. आतापर्यंत मी सोबत आलेल्या बाईबद्दल बोलले. पण जेव्हा बाईच पेशंट असते तेव्हा तिच्या सोबत कोण येतं?

मगाशी सांगितलेल्या पाहणीत देशातले २७ टक्क्यांहून जास्त पुरुष दारू घेतात असं दिसलं, आणि बायांमध्ये हे प्रमाण १.६ टक्के. म्हणजे बाया कमी, हे खरंच. पण ज्या आहेत त्या दाराशी येत नाहीत. मशेरीबद्दल बाई हसून सांगते, दारूबद्दल सांगत नाही. केंद्र बंद व्हायच्या वेळेला तोंडाला स्कार्फ बांधून एखादी येते आणि म्हणते, “बहिणीसाठी विचारायचं होतं.” ती बहीण म्हणजे तीच असते. गेल्या काही वर्षांत कॉलेजातल्या मुली एम.डी. या पावडरीसाठीही येऊ लागल्या आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात या एम.डी.चा कारखाना पकडला, तेव्हा शहर हादरलं. मला नवल वाटलं नाही, मुली आधीच येत होत्या. पुरुषाला बायको उचलून आणते, आई हातापाया पडते. बाई व्यसनात सापडली तर तिला घरातून काढून टाकतात, नाही तर कोंडतात. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असते.

आणि ‘सोबत कोणी नाही, मग दाखल कसं करायचं’ असं तिला अजूनही सांगितलं जातं. लक्षात ठेवा, सज्ञान व्यक्ती निर्णय घेण्याच्या स्थितीत असेल तर ती स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकते आणि स्वतःच्या इच्छेने बाहेर पडू शकते. तिला दुसऱ्या कोणाच्या सहीची गरज नाही. जिवावर बेतलं असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर खटल्याची भीती दाखवणाऱ्याला सांगा, की २०१७ च्या कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं असतं, आणि १ जुलै २०२४ पासून जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा नव्या संहितेत गुन्हा आहे.

याच कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याबद्दल आपल्या सभांमध्ये कोणी बोलत नाही. उद्या मी आजारी पडले आणि स्वतः निर्णय घेऊ शकले नाही, तर माझ्या वतीने कोणी बोलायचं, हे मी आजच लिहून ठेवू शकते. साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून. ज्या व्यक्तीचं नाव लिहायचं ती सज्ञान हवी आणि तिची लेखी संमती हवी. ती नात्यातलीच असावी असं बंधन नाही. आपला विचार बदलला तर हे नाव केव्हाही बदलता येतं. पण कोणाचंच नाव लिहिलेलं नसेल तर तो अधिकार सहसा नातेवाइकाकडे जातो, आणि आपल्या बायांच्या बाबतीत नातेवाईक म्हणजे बहुतेक वेळा नवरा आणि सासर. ज्या घराने बाईला आजारी केलं त्याच घराने तिच्या वतीने बोलावं, हे आपण एका साध्या कागदाने टाळू शकतो.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. आज घरी जाताना दोघी-दोघी बसा आणि एकमेकींची नावं लिहा. तुमच्या बचतगटात, महिला मंडळात हे करून घ्या. जिला कोणी नाही तिच्यासाठी आपल्यातली एक जण असू द्या. रात्री-अपरात्री ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, व्यसनासाठी १४४४६, बायकांसाठी १८१ आणि जिवावर बेतलं तर ११२. हे क्रमांक लिहून घ्या. पण फोनवरचा आवाज तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसत नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

शेवटी, द्राक्षबागेतल्या त्या बाईबद्दल तुम्ही विचाराल. नवऱ्याची दारू सुटली, पुन्हा लागली, पुन्हा सुटली आहे. मालकाने औषधाची पेटी खोलीतून हलवली, त्यासाठी मला तीनदा जावं लागलं. मारहाण थांबावी म्हणून तिने तक्रारीचा अर्ज दिला आहे, मागे घेतलेला नाही. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी ती येते. नवरा सोबत असला तर त्याला बाहेर बाकावर बसवते आणि आत येऊन स्वतःचा केसपेपर मागते. त्यावर तिचं पूर्ण नाव लिहिलेलं आहे. ते मीच लिहिलं आहे, या वेळी तिला विचारून.

तुमच्याकडे उद्या कोणी नवऱ्याला, मुलाला, भावाला घेऊन आली, तर त्याचं जरूर बघा. आणि मग तिला नाव विचारा.